जूनमध्ये बंद न पडणारा व्यायाम: कोकणात राहणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की भाट्याच्या पुळणीवर, सावंतवाडीच्या मोती तलावाभोवती, गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळची गर्दी वाढते. शिमग्यापर्यंत ती निम्मी होते. मे महिन्यात घरी पाहुणे असतात आणि आंब्याची धांदल असते. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की उरलेलेही घरी बसतात. मग गणपती, मग नवरात्र, आणि पुन्हा दिवाळीनंतर नवे बूट. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी माणसं स्वतःला दोष देतात, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही."

दोष बहुतेक वेळा इच्छाशक्तीचा नसतो. आधी उत्साह येतो, मग खरेदी होते, मग तासभराचा कार्यक्रम ठरतो, आणि वेळ, जागा, पाऊस, घरातली माणसं यांचा विचार अगदी शेवटी होतो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी व्यवस्था लावायची आणि रोजचं पाऊल इतकं सोपं करायचं की उत्साह नसतानाही ते उचललं जाईल. काही आठवडे गेले, अंगाला फरक जाणवू लागला की उत्साह मागून येतो.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिल्या तीन पायऱ्यांत व्यायाम जवळजवळ नाहीच, म्हणून लोक त्या गाळतात आणि तिथेच गाडी अडते.

सुरू करण्यापूर्वी: आधी डॉक्टरांना कोणी विचारायचं

चालताना छातीत दडपण येत असेल, थोड्या श्रमाने दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, या स्थितीतही डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी लांब चालणं धोक्याचं ठरू शकतं. व्यायामाच्या वेळेशी औषध आणि खाणं कसं जुळवायचं ते विचारून घ्या, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा.

पायरी १: कारण लिहून काढा, पण जवळचं

"वजन कमी करायचंय" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण आहे आणि सुरुवातीला सगळ्यात कमी उपयोगाचं. नुसत्या व्यायामाने वजन हळू उतरतं, त्यात खाण्याचा वाटा मोठा असतो. महिनाभर चालून काटा जागचा हलला नाही की माणूस म्हणतो, काही उपयोग नाही, आणि थांबतो. तोवर त्याची झोप सुधारलेली असते, दम कमी लागत असतो, पण तिकडे त्याचं लक्षच नसतं.

म्हणून असं कारण घ्या जे काही आठवड्यांत अंगाला जाणवेल आणि तुमच्या रोजच्या जगण्यात दिसेल. देवळापर्यंतची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, मध्ये न थांबता चढायची आहे. पाटावर जेवायला बसल्यावर हात न टेकता उठायचं आहे. रात्री कूस बदलत पडायचं नाही. नातवाला कडेवर घेऊन खळ्यात फिरायचं आहे. एकच कारण, एका वाक्यात, कागदावर लिहा.

तपासा: आजची स्थितीही त्याच कागदावर लिहिलीत का? "पाखाडीवर दोनदा थांबावं लागतं" एवढी नोंदही पुरते. ती नसेल तर पुढे झालेली सुधारणा कळणार नाही.

पायरी २: आठवडाभर फक्त पाहा

या आठवड्यात नवं काहीही करायचं नाही. दिवसभरात अंग किती हलतं तेवढं रोज रात्री दोन ओळींत लिहायचं.

याचं कारण असं की आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक म्हणजे, "घरकाम, वाडीतलं काम करते की, वेगळा व्यायाम कशाला?" दुसरा, "बूट घालून चाललं तरच तो व्यायाम." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी दोन्ही बाजूंनी मोकळ्या आहेत. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा 75 ते 150 मिनिटं जोमदार. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. शेतीचं, घरचं, कामावरचं श्रमही यात धरतात. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत अशी अटही आता नाही.

मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. त्या वेळी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर श्रम जोमदार. विहिरीचं पाणी शेंदणं, माडांना आळी करणं, लावणी, चढणीवरून ओझं आणणं या कसोटीला सहज उतरतं. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणं उतरत नाही, कितीही दमवणारं असलं तरी. दमणूक आणि व्यायाम यांत ही गल्लत फार होते.

मेहनतीचं काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: ते काम बारमाही आहे का? मासेमारीवर 1 जूनपासून दोन महिने बंदी असते. लावणी संपली की शेतात तसं काम राहत नाही. आंब्याचा हंगामही काही महिन्यांचाच. हातातलं काम थांबतं त्या महिन्यांसाठीच व्यायामाची आखणी करायची. भर हंगामात संध्याकाळी वेगळं चालायला जाण्याचा हट्ट नको.

पायरी ३: वेळ कशाला तरी बांधा

"रोज सकाळी चालणार" हा संकल्प तुटतो, कारण सकाळ ही वेळच नव्हे, पाच-सहा तासांचा पट्टा आहे. कृती आधीच पक्क्या असलेल्या एखाद्या गोष्टीला बांधावी लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात याचा पाठपुरावा केला. "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून ठरवलेली गोष्ट जास्त वेळा घडते, असं त्यांच्या आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

वाक्य असं भरा:

"_____ झालं की मी _____ इथे _____ करीन."

"सकाळचा चहा झाला की मी नाक्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन येईन." "नळाचं पाणी भरून झालं की मी पडवीत दहा मिनिटं काढीन." "दुकानाचं शटर ओढलं की मी घरी लांबच्या रस्त्याने जाईन."

बायकांच्या बाबतीत इथे जरा थांबून विचार करायला हवा. सकाळी पाणी यायची वेळ, मुलांचे डबे, सासऱ्यांची पेज, साडेसातची एसटी, मासळीवाली येण्याची वेळ: सकाळ आधीच दुसऱ्यांनी वाटून घेतलेली असते. अशा सकाळीत व्यायाम कोंबला तर पहिला बळी त्याचाच जाणार. सकाळच उत्तम, असं काही नाही. दुपारची भांडी आवरल्यानंतरची वीस मिनिटं किंवा संध्याकाळची दिवाबत्ती झाल्यावरचा वेळ तितकाच चांगला. जी वेळ दुसरं कोणी मागत नाही ती घ्या आणि ती घरात स्पष्ट सांगा: "या वीस मिनिटांत मला हाक मारू नका." हे सांगायला संकोच वाटतो. पण न सांगता चोरून काढलेली वेळ पहिल्याच पाहुण्याला हातची जाते.

*पुळणीवर चालणाऱ्यांसाठी: घड्याळाबरोबर तिथीही पाहा*

किनाऱ्यावर चालायचं ठरवणाऱ्या पुष्कळ जणांचा नेम यामुळेच मोडतो. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमेच्या सुमारास सकाळी सहाला लांबरुंद, टणक, ओली पुळण मिळाली म्हणून तुम्ही तीच वेळ धरली. आठवड्याने त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि सुक्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात. पोटऱ्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

किनारपट्टीवरचा जुना ठोकताळा वापरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा आपल्या बंदरावरच्या मच्छीमारांना एकदा विचारून घ्या. ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दोन तास चालायला सगळ्यात चांगले.

याचा अर्थ रोज वेळ बदलायची असा नाही. वेळ तीच ठेवा, जागा बदला. सकाळी सहाला चालत असाल तर प्रत्येक पंधरवड्यात साधारण षष्ठीपासून दशमीपर्यंत रस्ता किंवा देवळाची पाखाडी धरा, बाकीचे दिवस पुळण. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेलीच असते. महिन्याच्या सुरुवातीला त्या दिवसांखाली रेघ मारून ठेवली की सकाळी उठून विचार करावा लागत नाही.

सावधान: पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. ज्या पट्ट्यातून गेलात त्याच पट्ट्यातून परत या, म्हणजे दोन्ही पायांवर ताण सारखा येईल. मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असतील तर अनवाणी चालू नका. शिंपला किंवा काच लागलेली कळणार नाही. आणि व्यायाम म्हणून अनोळखी समुद्रात पोहायला उतरू नका. गणपतीपुळ्यासारखे किनारे वरून शांत दिसतात, पण धोक्याचे आहेत.

पायरी ४: सुरुवात इतकी लहान करा की लाज वाटावी

पहिल्या दिवशी तासभर चालणारा माणूस तिसऱ्या दिवशी पाय धरून बसलेला असतो. पाचव्या दिवशी तो म्हणतो, "फाल्यां बगूया." त्याला आळशी म्हणता येणार नाही, त्याच्या अंगाने नकार दिलेला असतो.

पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं. जमतंय, अजून जाता येईल असं वाटलं तरी परत फिरा. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं. या दोन आठवड्यांत तुम्ही वेळ पक्की करताय, ताकद नव्हे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, मग वीस. महिना-दीड महिन्याने अर्ध्या तासावर या. आठवड्याला पाच दिवस अर्धा तास झाला की 150 मिनिटं भरतात. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळ वाढवली त्या आठवड्यात वेग नाही, चढण घेतली त्या आठवड्यात वेळ नाही.

याबरोबर आपलं "किमान माप" ठरवा. पाहुणे आले, अंग कसकसलं, वीज गेली, उशीर झाला, अशा दिवशीही जे होईलच ते. पाच मिनिटं खळ्यात फेऱ्या, किंवा दहा उठाबशा. त्या दिवशी तेवढंच करायचं आणि तो दिवस पुरा धरायचा. अर्धा तास होत नाही म्हणून काहीच न करणं, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते.

तपासा: व्यायामानंतर तासाभरात तुम्ही नेहमीसारखे ताजेतवाने असता का? दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ, सूज, लंगडणं हे ठीक नाही. तसं झालं तर माप निम्म्यावर आणा, आणि आठवड्यात थांबलं नाही तर दाखवून घ्या.

पायरी ५: तीन ऋतूंचे तीन आराखडे आधीच तयार ठेवा

पठारी मुलखातला सल्ला आपल्याकडे इथे तोकडा पडतो. आपल्याला एक आराखडा पुरत नाही.

हिवाळा सोपा आहे, त्यावर फार बोलायला नको. फक्त त्या चार महिन्यांना नियम समजू नका. ती सवलत आहे.

मार्च ते मे: कोकणातला उन्हाळा पाऱ्यावर विदर्भाएवढा चढत नाही, पण हवेत बाष्प इतकं असतं की घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. म्हणून 33 अंशांतही इथे जीव घाबरा होतो. सकाळी साडेसातच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच बाहेर पडा, वेग कमी करा, निघण्यापूर्वी आणि आल्यावर पाणी प्या. पन्हं, कोकम सरबत, शहाळं चांगलंच, पण रक्तदाब असेल तर सरबतातलं मीठ बेताने, मधुमेह असेल तर साखरही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं विचारल्याशिवाय नको. डोकं दुखलं, मळमळलं, अंगावर काटा आला की तिथेच सावलीत बसा. उरलेला रस्ता पुरा करायचा हट्ट धरू नका.

जून ते सप्टेंबर: खरी परीक्षा इथे असते. पाऊस सुरू झाल्यावर घरातला व्यायाम शोधू म्हणणाऱ्यांना तो सापडत नाही. एप्रिल-मे मध्येच आठवड्यातून दोनदा तो करून ठेवा, म्हणजे जूनमध्ये फक्त जागा बदलायची असते. पडवीत, ओटीवर किंवा माजघरात सहा फूट मोकळी जागा पुरते. क्रम असा:

1. तीन-चार मिनिटं जागच्या जागी चाल, गुडघे हळूहळू वर.
2. खुर्चीवरून उठबस, दहा वेळा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घ्या, पुढे झुका, टाचांवर भार देऊन उठा. बसताना धप्पकन बसू नका. खाली जाताना जितका वेळ लावाल तितका फायदा. न जमल्यास एक हात मांडीवर टेका.
3. भिंतीला दंड, दहा. भिंतीपासून हातभर दूर उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर, कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत या. पाठ सरळ. सोपं वाटू लागलं की भिंतीऐवजी पक्का, न हलणारा ओटा धरा.
4. टाचा उचलणं, पंधरा. पडवीचा खांब धरून. पाखाडी चढायला पोटऱ्यांची ताकदही लागते.
5. एका पायावर उभं राहणं, दहा-दहा सेकंद, खांब हाताशी ठेवून. साठीपुढच्यांनी हे गाळू नये. पावसाळ्यात घसरून पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं प्रत्येक वाडीत आहेत.
6. घरातली एखादी पक्की पायरी असेल तर पाच मिनिटं चढउतार.

पुन्हा दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत एक फेरी घेतली की वीस मिनिटं होतात. सूर्यनमस्कार येत असतील तर पहिल्या क्रमांकाऐवजी ते घाला. संख्येच्या मागे लागू नका. बारा घाईचे घालून कंबर धरण्यापेक्षा चार नीट घाला, श्वास जुळवून. गुडघे किंवा मनगटं दुखणाऱ्यांनी सूर्यनमस्कार सोडून वरचाच क्रम ठेवावा.

सावधान, पावसाळ्यासाठी: पडवीच्या फरशीला ओल सुटते. सतरंजी टाकून त्यावर व्यायाम करू नका, ती सरकते. फरशी कोरडी पुसून बुटांनी किंवा कोरड्या अनवाणी पायांनी उभे राहा. उघडीप पाहून बाहेर पडलात तर शेवाळलेला जांभा टाळा, पाखाडीऐवजी डांबरी रस्ता धरा. विजा चमकत असताना पुळण, सडा, माळ नको. अंधारात बॅटरी आणि बंद बूट पाहिजेतच; फुरसं हा विषारी साप वाटेवर असतो आणि दिसत नाही. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चालू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तसं चालणं झालं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

पायरी ६: आदल्या रात्रीची पाच मिनिटं

ओले बूट. पावसाळ्यात नेम मोडायला एवढं एक कारण पुरतं. सकाळी पाय घातला, आत गार ओल लागली, कुबट वास आला की माणूस तिथूनच परत फिरतो. आल्याबरोबर आतली सोल काढून वेगळी ठेवा, बुटात जुना पेपर चुरगाळून घट्ट भरा, दोन तासांनी तो ओला पेपर काढून नवा भरा आणि बूट पंख्याखाली उभे करून ठेवा. चुलीशेजारी अगदी जवळ ठेवू नका, तळ सुटतो. परवडत असेल तर पावसाळ्यासाठी दुसरी साधी जोडी ठेवा, महागडी नको. कपड्यांचंही तसंच. जाड सुती टीशर्ट दोन दिवस वाळत नाही, पातळ सिंथेटिक रात्रीत वाळतो. दोन जोड पुरतात.

बाकीची तयारी थोडकी: कपडे, बॅटरी, छत्री, पाण्याची बाटली एकाच ठिकाणी. फोन अंथरुणापासून दूर. सकाळी ठरवायला काही शिल्लक ठेवू नका.

खरेदीबद्दल एकच सांगणं. पहिल्या महिन्यात चालण्याजोगे बूट सोडून काही घेऊ नका. ट्रेडमिल, सायकल, हातातलं घड्याळ, सगळं तीन महिन्यांनंतर. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत न वापरलेली यंत्रं गंजतातही लवकर.

पायरी ७: सोबत घ्या, पण तिच्यावर अवलंबून राहू नका

सोबतीने चालणारे जास्त टिकतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. कोणीतरी नाक्यावर उभं आहे म्हटलं की अंथरूण सोडावंच लागतं. बायकांना आणि वयस्क माणसांना पहाटे-संध्याकाळी सोबत सुरक्षिततेसाठीही हवी. पण दोन नियम पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

एक: एकीला जमलं नाही तरी दुसरीने जायचं, किंवा निदान घरचं किमान माप करायचं. नाहीतर एकीच्या घरचा पाहुणा दोघींची सुट्टी करतो. दुसरा: गती हळू चालणाऱ्याची धरायची नाही आणि भरभर चालणाऱ्याचीही नाही. जाताना आपापल्या गतीने, येताना एकत्र. आमच्या आळीतल्या दोन काकू अशाच जातात. थोरल्या काकू देवळाच्या पारापर्यंत जाऊन तिथेच टाचा उचलत थांबतात, धाकट्या पुढे सड्यापर्यंत जाऊन येतात आणि परतीचा रस्ता गप्पा मारत होतो. दोघींना पुरेसा व्यायाम मिळतो आणि कोणी कोणासाठी खोळंबत नाही.

टपरीवरच्या चहाला माझा विरोध नाही. फक्त तो व्यायाम संपल्यावर घ्या, आणि बरोबरच्या भज्यांना नकार द्या.

पायरी ८: नोंद ठेवा, पण फक्त झालं की नाही याची

ज्या दिनदर्शिकेवर तिथींखाली रेघा मारल्या तिच्यावरच खूण करा. पुरा झाला तर फुली, किमान माप झालं तर टिंब, काहीच नाही तर कोरं. पावलं, किलोमीटर, कॅलरी यांची नोंद सुरुवातीला नको, त्यात मन लवकर खट्टू होतं. वजन मोजायचंच असेल तर महिन्यातून एकदा.

सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवस हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या, 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा येत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: एक दिवस कोरा चालेल, लागोपाठ दोन नाहीत. दुसऱ्या दिवशी टिंब तरी पडलंच पाहिजे. चुकलेला दिवस भरून काढायला दुप्पट व्यायाम करू नका, त्यातून दुखापत होते.

पायरी ९: खंड पडणारच, तो आधी लिहून ठेवा

गणपती, शिमगा, आंबा, लग्नसराई, जत्रा. या तारखा आधी माहीत असतात, तरी आपण दरवर्षी "अचानक खंड पडला" म्हणतो. वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर हे दिवस कंस करून "फक्त टिंब" असं लिहून टाका.

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, पडवीत अंथरुणं असतात. तेव्हा व्यायामाचा आग्रह नको. फुगड्या, जाखडी, शिमग्यात पालखी नाचवणं, यांत श्रम भरपूर होतात. दम लागेपर्यंत फुगडी घातली त्या दिवशी फुली मारा, खुशाल. आंब्याच्या दिवसांत बागेत आणि पेटी भरताना तासन् तास वाकून काम होतं. तिथे चालण्यापेक्षा कंबरेची काळजी महत्त्वाची. दर तासाने उठून कंबरेवर हात ठेवून हलकेच मागे वाका, पाच-सहा वेळा, आणि पेटी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवा.

परत सुरू करताना बहुतेक जण जिथे सोडलं तिथूनच धरतात, आणि आठवड्यात पुन्हा बसतात. चार-पाच दिवसांचा खंड असेल तर नेहमीचंच माप चालेल. दोन आठवडे गेले असतील तर निम्म्यापासून. महिना किंवा जास्त झाला तर पायरी ४ पासून, दहा मिनिटांनी. तापातून उठल्यावर अंगात ताप नसलेले दोन दिवस जाऊ द्या, मग किमान माप. डेंगी, कावीळ, लेप्टोसारख्या आजारानंतर डॉक्टर सांगतील तेव्हाच.

परतीचा दिवसही आधी ठरवा आणि सोबतिणीला सांगून ठेवा: "विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी." "सगळं आवरलं की" अशी तारीख कधीच उजाडत नाही.

पायरी १०: तीन महिन्यांनी कागद काढा

पायरी १ ला लिहिलेलं कारण आणि तेव्हाची स्थिती पुन्हा वाचा. तीच पाखाडी चढून पाहा, कुठे थांबावं लागतं ते बघा. मग दिनदर्शिकेवरचे कोरे दिवस पाहा. ते विखुरलेले असतील तर काही बदलू नका. ठरावीक वारीच कोरे असतील, समजा दर मंगळवारी आठवडा बाजार, तर त्या वाराची वेळ वेगळी ठरवा. ओळीने कोरे असतील तर तेव्हा घरात काय चाललं होतं ते आठवा आणि पुढच्या वर्षीच्या कंसात घाला.

फुल्या भरपूर आणि श्रम सोपे वाटू लागले असतील, तर आता माप वाढवायची वेळ आली. आठवड्यातले दोन दिवस पावसाळी क्रम बारमाही करा, उठबस दहावरून पंधरावर न्या, चालण्यात एक चढण घाला. आणि कारण पुरं झालं असेल तर त्या कागदाच्या मागच्या बाजूला नवं लिहा, आजच्या तारखेसह.